मनालीत न शिजलेली डाळ

आमच्या घरात एक गोष्ट दरवर्षी बसव जयंतीला सांगितली जाते. पुरणपोळी, म्हणजे आमच्याकडची होळगी, पानात पडली आणि तिच्यावर तूप सोडलं की कोणीतरी म्हणतंच, "मनालीची गोष्ट सांगा की." आधी ती अप्पा सांगायचे, आता माझा दादा सांगतो. अव्वानं बारा दिवसांच्या प्रवासाला लोणच्याच्या तीन बरण्या घेतल्या, पापड घेतले, पोळपाट-लाटणं घेतलं आणि कुकर तेवढा सोलापुरात विसरली. मग डोंगरावर दिवसभर डाळ शिजली नाही आणि सणाच्या दिवशी आम्ही कडक भाकरी खाल्ली. सगळे हसतात. इतकी वर्षं मीही त्यांच्यात बसून हसत आले. आता ती गोष्ट मला एकदा नीट लिहून काढायची आहे, कारण ती तशी घडलेली नव्हती.

अव्वा म्हणजे आमची आई. ती दुधनीची, माहेरी सगळा कारभार कानडीत. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा तिला मराठी म्हणजे बाजारापुरती येत होती. पुढे ती आमच्याशी मराठीच बोलायची, पण चिडली, घाबरली किंवा कशाचा हिशेब लावू लागली की कानडीवर जायची. अप्पांचं चादरींचं दुकान होतं आणि घर दुकानाच्या मागेच. पलीकडच्या गल्लीत तेलुगू विणकरांची घरं. त्यांच्या मागांचा खटखटाट सकाळी सुरू व्हायचा आणि संध्याकाळपर्यंत चालायचा. आम्हाला त्याची इतकी सवय होती की माग बंद असले की चुकल्या-चुकल्यासारखं वाटायचं. अव्वा विसरभोळी नव्हती, हे मी इथंच सांगून टाकते. कोणाच्या लग्नात आहेराला कुठल्या रंगाचं लुगडं आलं होतं, कुठल्या भांड्याला पोचा आहे, कोणत्या डब्यात किती मूठ तीळ उरलेत, हे सगळं तिला पाठ असायचं. दुकानातल्या थकीत गिऱ्हाइकांची नावंसुद्धा अप्पा तिला विचारायचे.

स्वयंपाकघरात स्टोव्हच्या वर एक कॅलेंडर होतं. कुठल्या तरी व्यापाऱ्यानं दिलेलं, त्यावर बर्फाचा डोंगर. वर्ष संपलं, तारखांचे कागद फाडून झाले, तरी तिनं चित्र काढू दिलं नाही. फोडणीच्या धुरानं डोंगर पिवळट पडला होता. सोलापूरचा मे महिना ज्यानं काढलाय त्यालाच कळेल की अशा चित्राकडं बघत भाकरी थापण्यात काय असतं. आम्ही दुपारी ओल्या पंच्यांखाली पडून असायचो आणि ती स्टोव्हपाशी. एकदा गोळेवाल्याच्या गाडीवरचा बर्फ मी तिला वाटीतून आणून दिला. तिनं तो खाल्ला नाही, मुठीत धरून बसली. म्हणाली, "ह्यो कारखान्यातला. आभाळातनं पडलेला कसा लागत आसंल गं हाताला?" मला आठवतं तेवढं, स्वतःसाठी काही हवं असल्याचं तिनं बोलून दाखवलं ते हे एवढंच.

त्या वर्षी अप्पांच्या ओळखीच्या एका दिल्लीकर व्यापाऱ्यानं मनालीला लाकडी बंगलीची सोय करून दिली. आठवीची परीक्षा संपवून मी सुट्टीत पाय पसरले होते. अप्पांनी जेवताना सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "मनालीला जाऊ या का? बर्फ बघायला मिळंल." अव्वानं भाकरी वाढता वाढता हात थांबवला. मग म्हणाली, "बसव जयंती तितंच येतीय की." अप्पा म्हणाले, "मग तितंच कर. शिव काय सोलापुरातच ऱ्हातो?" त्यावर ती हसली आणि दुसऱ्या दिवसापासून तयारीला लागली.

तयारी म्हणजे खाण्याचीच. अप्पा बाहेरच्या अन्नाला शिवत नसत. हॉटेलातल्या पाण्याचीही त्यांना शंका. त्यामुळे आम्ही जिथं जाऊ तिथं आमचं स्वयंपाकघर यायचं. चार दिवस घरात कडक भाकऱ्यांचा कारखाना सुरू होता. बाजरीची भाकरी अगदी पातळ थापायची, भाजायची आणि मग तव्याच्या कडेला उभी करून पापडासारखी कडक होऊ द्यायची. थापण्याचा तो आवाज, पलीकडच्या मागांचा आवाज आणि अव्वाचं मधूनच कानडीत काहीतरी पुटपुटणं, असं सगळं एकात एक मिसळून माझ्या कानात राहिलंय. शेंगांची चटणी उखळात कुटली, ती तेल सुटेपर्यंत. दशम्या, धपाटे, ज्वारीचं पीठ, गूळ, वेलदोडे. पुरणाची डाळ तिनं मुद्दाम बार्शीच्या पेठेतून मागवली. "बार्शीची डाळ दोन शिट्ट्यात मऊ होती," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. शिट्ट्या कुकरच्या. तो कुकर आमच्या गल्लीतला पहिला होता. अव्वानं तो एका जुन्या चादरीत गुंडाळला, चादरीची टोकं एकमेकांत ओवून तिची ती नेहमीची चौपदरी गाठ मारली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवला.

आता माझं. शाळेतल्या एका मैत्रिणीकडं लाल लोकरीचा कोट होता. तिचे वडील रेल्वेत मोठे साहेब, ती दरवर्षी कुठं कुठं फिरायला जायची. मी कोट मागायला गेले आणि बोलण्याच्या भरात सगळी तयारी सांगून बसले. ती हसत सुटली. "तुम्ही कुकर घेऊन हिल स्टेशनला जाता?" तिच्या आईलाही बोलावून तिनं ते सांगितलं. आई तोंडावर हात ठेवून हसली. कोट मिळाला, पण मी घरी आले ती कान लाल करून. तेव्हा मला सगळ्याच गोष्टींची लाज वाटायची. अव्वाच्या मराठीची, अप्पांच्या टोपीची, आमच्या भाकऱ्यांची. मुलींना एका वयात ही लाज येते आणि नंतर जन्मभर त्या लाजेची लाज वाटत राहते. निघायच्या आदल्या दुपारी सगळे वामकुक्षी करत होते तेव्हा मी ट्रंक उघडली. कुकरचं गाठोडं तसंच्या तसं उचललं आणि ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीमागं, रिकाम्या पोत्यांखाली दडवलं. त्याच्या जागी कोट ठेवला आणि वजन भरावं म्हणून दादाची दोन जाड पुस्तकं खाली सरकवली. इतकी अक्कल मला होती.

गाडीत मात्र गंमत झाली. शेजारच्या पंजाबी बाईंनी आमच्या चटणीची चव घेतली आणि दिल्लीपर्यंत त्या आमच्याच डब्यावर होत्या. कडक भाकरी हातात घेऊन त्या ती उन्हाकडं धरून बघायच्या. अव्वाला हिंदी येत नव्हती, त्यांना मराठी. दोघी तासन्तास बोलत होत्या. मला वाटलं होतं तसं कोणी हसलं नाही. तेव्हाच मला ते गाठोडं आठवलं, पण गाडी तोवर खूप पुढं गेली होती.

मनालीत पोचलो तेव्हा नदीच्या आवाजानं आधी भीतीच वाटली. सोलापूरच्या माणसाला इतकं पाणी एका दमात वाहताना बघायची सवय नसते. देवदारांच्या मधून वर पांढरे डोंगर दिसायचे. अव्वा बंगलीच्या पायरीवर उभी राहून बघतच राहिली. कॅलेंडरातलं चित्र पिवळट होतं, हे पांढरं होतं, एवढंच ती म्हणाली. मग चौकीदाराला तिनं माझ्याकरवी विचारलं, त्या डोंगरापर्यंत जाऊन हात लावता येतो का. तो म्हणाला, रोहतांगच्या वाटेवर अजून बर्फ आहे, जीप जाते, परवा एक जीप जाणार आहे. परवा बसव जयंती होती. अप्पांनी चार जागा सांगून टाकल्या.

त्याच संध्याकाळी तिनं ट्रंक रिकामी केली. एकदा, मग परत एकदा. पुस्तकं बाहेर काढून बाजूला ठेवली, कोट झटकला. "भरला हुता की मी," ती म्हणाली. अप्पा म्हणाले, "मग कुटं जाईल? राहिला आसंल घरी." ती ट्रंकेपाशी बसून राहिली. दिवस बोटांवर मोजत तिनं कानडीत सगळं पुन्हा आठवून पाहिलं. कधी गुंडाळला, कुठं ठेवला, त्यावर काय ठेवलं. मी शेजारीच पापडाचा डबा धरून उभी होते. त्या वेळी एक वाक्य बोलले असते तर मार बसला असता, रडारड झाली असती, पण आपण काही विसरलो नव्हतो हे तरी अव्वाला कळलं असतं. मी बोलले नाही. शेवटी तीच म्हणाली, "आसंल. माजंच डोकं ठिकाणावर न्हाई आजकाल."

जयंतीच्या दिवशी ती पहाटेच उठली. गळ्यातलं लिंग हातात घेऊन पूजा केली, विभूती लावली आणि डाळ पातेल्यात शिजायला टाकली. नैवेद्याला परक्याचं भांडं चालत नसे, आणि वेळ लागला तरी पातेल्यातही डाळ शिजेल असं तिला वाटलं. आमच्याकडं त्या दिवशी होळगीचा नैवेद्य झाल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही आणि नैवेद्याची चूल एकदा पेटवली की करणारी बाई तो अर्धा टाकून उठत नाही. जीप नऊला निघणार होती, तोवर नैवेद्य होऊन जाईल असा तिचा अंदाज होता. आम्ही बरोबर आणलेला वातीचा स्टोव्ह मिणमिणता, फटींमधून गार वारा. पाणी उकळत होतं, डाळ त्यात उड्या मारत होती आणि दाणा मात्र तसाच. ती दर पंधरा मिनिटांनी एक दाणा काढून दोन बोटांत दाबून बघायची. नऊ वाजता बाहेर जीपचा भोंगा वाजला.

"राहू दे डाळ, चल तू," अप्पा म्हणाले. "आल्यावर कर."

"नैवेद्य टाकून कशी येऊ?" अव्वा म्हणाली. "नीव होग्री, तुमी व्हा पुढं. मी उद्याच्या जीपनं येते की. बर्फ काय पळून जातोय?"

अप्पा क्षणभर घुटमळले. दादा आधीच जीपमध्ये बसला होता. मी कोट घालून दारात उभी होते. अव्वानं सणाच्या दिवशी आम्ही उपाशी राहू नये म्हणून अॅल्युमिनियमच्या डब्यात दशम्या भरून दिल्या. घरच्या नियमात तेवढी ढील तिनं पोरांपुरती दिली. कोटाची वरची गुंडी तिनंच लावली. "लई छान दिसतीयस," म्हणाली. मी जीपमध्ये जाऊन बसले.

बर्फ कसा होता हे मी सांगणार नाही. मला तो धड आठवतच नाही. घोड्यांच्या लिदीचा वास आठवतो, आणि एका फोटोवाल्यानं काढलेला फोटो आहे. त्यात अप्पा, दादा आणि मी आहोत. फोटो काळा-पांढरा असल्यामुळं कोट लाल दिसत नाही, नुसता करडा दिसतो. निघताना मी डब्यातल्या उरलेल्या दशम्या दादाला खायला लावल्या आणि डबा बर्फानं ठासून भरला. वाटेत तो मी कोटाच्या आत धरला नाही, ऊब लागू नये म्हणून हात लांब करून जीपच्या बाहेर धरला. बोटं बधिर झाली. जीप वळणावळणांनी उतरत होती आणि डब्यातला आवाज बदलत गेला. आधी काहीच वाजत नव्हतं, मग पाणी डचमळायला लागलं.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. अव्वा सकाळी होती त्याच जागी बसली होती. तिच्याजवळ चौकीदाराची बायको बसलेली. ती बाई मला म्हणाली, "कब से बोल रही हूँ इनको, यहाँ कुकर के बिना चना नहीं गलता. ऊँची जगह है ना." अव्वाला त्यातला 'कुकर' तेवढा समजला होता. मी डबा पुढं केला. तिनं झाकण काढलं. आत पाणी होतं आणि मध्ये सुपारीएवढा एक तुकडा. तिनं तो उचलायला बोटं घातली तोवर तोही गेला. ती डब्यात बोटं बुडवून थोडा वेळ बसली. मग म्हणाली, "गारच हाय की अजून." आणि ते पाणी तिनं डाळीच्या भांड्यात ओतलं. "आभाळातलं पाणी हाय. आता तरी शिजंल." स्टोव्हमधलं रॉकेल संपेपर्यंत आम्ही वाट बघितली. डाळ फुटली, पण तिची कणी गेली नाही. पुरण झालं नाही. तिनं गुळाचा खडा आणि कडक भाकरी लिंगापुढं ठेवली, डोळे मिटून बराच वेळ बसली आणि मगच आम्हाला वाढलं. त्या जेवणात अप्पांनी ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली. वातावरण हलकं करावं म्हणूनच सांगितली असणार. लोणच्याच्या तीन बरण्या, पोळपाट-लाटणं आणि कुकर सोलापुरात. दादा हसला. अव्वाही हसली. मग मीही हसले.

दुसऱ्या दिवशी जीप गेलीच नाही. पहाटेपासून पावसाची झोड उठली आणि वर दरड आली. तिसऱ्या दिवशी सकाळी आमची परतीची बस होती. अव्वा खिडकीशी बसली, डोंगर दिसेनासे होईपर्यंत मान वळवून बघत राहिली. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपेचं सोंग केलं. तिनं मला आपल्या पदरानं पांघरलं.

घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी ती ज्वारी काढायला कोठीपाशी गेली. मी धावत गेले, पण उशीर झाला होता. पोती बाजूला सारलेली आणि गाठोडं तिच्या मांडीवर. ती गाठ तिची स्वतःची होती, तशी गाठ घरात दुसऱ्या कोणाला घालता येत नव्हती. आपण भरला होता ही तिची खात्री बरोबर होती, हे तिला तेव्हा कळलं असणार. मी उंबऱ्यात उभी होते. तिनं माझ्याकडं वर बघितलं आणि मग खाली बघून सावकाश गाठ सोडली. कुकर पदरानं पुसला. संध्याकाळी दोन शिट्ट्यांत डाळ मऊ झाली आणि घरात होळगीचा वास सुटला. जेवताना अप्पांनी विचारलं, "सापडला का कुकर? कुटं विसरली हुतीस?" अव्वा म्हणाली, "हितंच की, कोठीपाशी. विसरले." आणि मला न विचारता माझ्या पानात दुसरी होळगी वाढली. मी ती सगळी खाल्ली.

त्या दिवाळीनंतर तिला ताप यायला लागला. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला तिला दवाखान्यात हलवलं, तोवर ती निम्मी झाली होती. एका सकाळी तिच्याजवळ मी एकटीच होते. रात्रभर उजळणी करून आले होते. म्हणाले, "अव्वा, त्यो कुकर..." तिनं डोळे न उघडताच माझ्या मनगटावर हात ठेवला. "साकु," म्हणाली, पुरे. "म्हायती हाय मला. कुणाला सांगू नगो. तुज्या अप्पांना हसायला कायतरी पायजे की. मी गेल्यावर तर लईच लागंल." मी रडू लागले तशी म्हणाली, "डबा गार हुता की गं. खरंच गार हुता." चार दिवसांनी ती गेली. आमच्याकडं, लिंगायतांत, बसवून पुरतात. तिला बसवली तेव्हा तिच्या हातावर लिंग होतं. माझ्या मनात आलं, हा हात बर्फाला लागायला हवा होता.

अप्पा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. ती म्हणाली होती तसंच झालं. गोष्ट सांगताना ते हसायचे आणि हसता हसता डोळे पुसायचे, आणि एवढ्याकरता तरी मी गप्प राहिले हे मला बरोबर वाटायचं. पण अप्पा जाऊनही आता खूप काळ लोटला. गप्प राहण्याचं कारण त्यांच्याबरोबरच संपलं होतं, हे मला कळत होतं. तरी मी गप्पच होते. मग ते अव्वाला दिलेल्या शब्दासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं.

यंदाच्या बसव जयंतीला दादाकडं पंगत बसली. त्यानं गोष्ट सांगितली. त्याची धाकटी नात नुकतीच शाळेत जायला लागलीय. तिनं विचारलं, "आजोबांची आई वेंधळी होती?" सगळे खो खो हसले. दादाही म्हणाला, "लई वेंधळी." मी होळगीचा घास तोंडात घेऊन बसले होते आणि मला हसता आलं नाही. अव्वाला या घरात आता एवढ्यावरूनच ओळखतात. कोणत्या डब्यात किती मूठ तीळ आहेत हे जिला पाठ होतं ती बाई.

दादा, हे वाचून तू मला फोन करशील आणि रागावशील, तर रागाव. तुझी ती दोन पुस्तकं ट्रंकेत मीच घातली होती. अव्वा काही विसरली नव्हती. गोष्ट तू सांगत राहा, पोरांना हसू दे, लोणच्याच्या बरण्याही राहू देत. पण पुढच्या बसव जयंतीला कुकरपाशी आलास की माझं नाव घे. मी समोरच बसलेली असेन.